दुसऱ्या ट्रेमधल्या पिना

बढती दुसऱ्याला मिळाली की ती बातमी घरी सांगावी लागत नाही. ती दारातच कळते. माणूस बूट कसे काढतो त्यावरून कळते, "चहा ठेवू का?" या प्रश्नाला काय उत्तर येतं त्यावरून कळते. त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी बूट काढून कोपऱ्यात भिरकावले आणि त्यांच्या बायकोनं ओळखलं, की गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाची खुर्ची काही आपल्या घरी आलेली नाही.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते क्वालिटी इंजिनिअर होते. मोजण्याच्या यंत्राचा काटा केसभर जरी सरकला तरी माल परत पाठवणारा हा काटेकोर माणूस, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव काटेसाहेब ठेवलं. नाव ठेवताना थोडी चेष्टा होती, पण आदर जास्त होता. एखाद्या भागावर त्यांची सही झाली की पुढचा माणूस तो भाग दुसऱ्यांदा तपासत नसे. अशा माणसाला आता आपणच प्रमुख होणार असं वाटलं, तर त्यात चूक ती काय?

पण प्रमुख झाली ती त्यांच्याहून कितीतरी लहान असलेली एक मुलगी. मुलगी म्हणजे आता चांगली अनुभवी इंजिनिअर, पण काटेसाहेबांच्या डोळ्यांसमोर अजून तीच उभी होती, कॉलेजातून नुकतीच आलेली, मोजमापाचं यंत्र उलटं धरणारी. तिला ते यंत्र सरळ धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"वशिला असणार," ते त्या रात्री जेवताना म्हणाले. "नाहीतर बाई आहे म्हणून दिलं असेल. हल्ली वरच्यांना तेच दाखवायचं असतं."

यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. पण वाचकहो, आपण सगळेच हे कधी ना कधी म्हणतो. दुसऱ्याचं यश गिळता येत नसलं, की त्यावर संशयाचं पाणी प्यायचं. बायकोनं मान हलवली. तिलाही नवऱ्यासाठी वाईट वाटत होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील जेवत होते. ते आयुष्यभर शाळेत खेळ शिकवून आणि फुटबॉलचे सामने खेळवून निवृत्त झालेले पंच. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले होते आणि घरातल्या बारीकसारीक वादांतही निकाल देण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांनी निकाल दिला नाही.

पुढचे दिवस काटेसाहेबांना फार जड गेले. पहिली अडचण बोलण्याची. तिला ते इतकी वर्षं "अगं" म्हणून हाक मारत. आता ती साहेब, सगळ्यांची मॅडम. तिला "तू" म्हणायचं की "तुम्ही"? "तू" म्हटलं तर चारचौघांत बरं दिसत नाही, आणि "तुम्ही" तोंडातून निघत नाही. मग त्यांनी वाटच वेगळी काढली. "रिपोर्ट बघितला गेला का?" "मीटिंग किती वाजता ठेवायची आहे?" असं हवेत बोलायचं, म्हणजे कुणालाच काही म्हणायला नको. पण कामगारांच्या ते लगेच लक्षात आलं, आणि मशिनच्या आड हशा पिकला.

मग एकेक गोष्ट खुपायला लागली. तिच्या केबिनची खिडकी खुपू लागली. बाहेरचे पाहुणे आधी तिच्याशी हात मिळवत, ते खुपू लागलं. मीटिंगमध्ये तिच्या विनोदावर कोण कोण हसतं, इकडे त्यांचं बारीक लक्ष असे. सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ती त्यांना मान देत असे. पाहुण्यांसमोर म्हणे, "हे मला काटेसरांनी शिकवलं." ऐकणाऱ्याला ते कौतुक वाटे. काटेसाहेबांना मात्र त्यात एकच ऐकू येई, की शिकवणारा खाली राहिला आणि शिकणारी वर गेली. ती त्यांना तोडून बोलली असती तर बरं झालं असतं. रागाला निदान बसायला जागा मिळाली असती.

आणि एका सकाळी ती जागा मिळाली. रोजच्या मीटिंगमध्ये काटेसाहेबांनी तपासणीचा एक आकडा सांगितला. मॅडम म्हणाल्या, "सर, तो मागच्या महिन्यातला ना? ड्रॉइंग बदललंय." आवाज साधा होता, चूक खरी होती. पण दहाबारा माणसांसमोर काटेकोर माणसाची चूक निघाली! कुणीतरी खाली मान घालून हसल्यासारखं त्यांना वाटलं. कुणी हसलं होतं की नाही, देव जाणे.

त्याच दिवशी दुपारी ते प्लेटिंग विभागातून जात होते. तिथं विमानाच्या चाकांच्या दांड्यात बसणाऱ्या पोलादी पिना तयार होत होत्या. दिसायला पिन साधीच, करंगळीएवढी जाड. पण विमान जमिनीला टेकतं तेव्हा त्याचं सगळं ओझं घेणाऱ्या सांध्यात ती बसते. गंज चढू नये म्हणून तिच्यावर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवतात, तेच प्लेटिंग. त्या वेळी रसायनातला हायड्रोजन पोलादात शिरतो. तो काढायचा तर पिना ठरलेल्या वेळेच्या आत भट्टीत जाऊन पुरेसा वेळ तापल्या पाहिजेत. उशीर झाला तर बाहेरून काहीच दिसत नाही. पिन चकचकीत, माप बिनचूक. पण आत ती ठिसूळ झालेली असते, आणि पुढं कधीतरी ओझ्याखाली, काही सूचना न देता, काडीसारखी मोडते.

त्या दुपारी पिनांचा एक ट्रे भट्टीत गेलेला होता. दुसऱ्या ट्रेसाठी असलेल्या शेजारच्या भट्टीचा पंखा बिघडला होता आणि दुरुस्तीवाला तिच्या पोटात शिरून बसला होता. ट्रे बाहेर स्टँडवर पडून होता. काटेसाहेबांनी घड्याळ पाहिलं. सवयच ती. संध्याकाळी घरी जाताना ते पुन्हा तिथून गेले, तर ट्रे अजून तिथंच. पाळी बदलली होती. नव्या पाळीच्या भट्टीवाल्यानं मालाच्या कार्डावर "भट्टीत ठेवले" अशी वेळ आधीच टाकलेली पाहिली, दोन्ही ट्रेना मिळून ते एकच कार्ड होतं, आणि भट्टी सुरू होताच त्यानं तो ट्रे शांतपणे आत सरकवला. त्याची काही लबाडी नव्हती. त्याला वाटलं, कार्डावर वेळ टाकलेली आहे म्हणजे माल वेळेतच आहे.

वेळ केव्हाच टळून गेली होती. कारखान्यात हे माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो दारात उभा होता.

काटेसाहेबांचं पाऊल पुढं पडलं. इतक्या वर्षांची सवय पायांत होती. पण डोक्यात सकाळचं वाक्य होतं, "सर, तो मागच्या महिन्यातला ना?" पाऊल थांबलं. या मालावर शेवटची सही मॅडमची होती. ते मनाशी म्हणाले, तिचा माल, तिची सही, तिनंच बघावं. आणि ते घरी गेले.

आपण मुद्दाम काही वाईट करतोय असं त्यांना वाटलंच नाही. पुढं चाचणी होतीच की! मालातले काही नमुने खाली चाचणीच्या खोलीत कित्येक दिवस ओझ्याखाली ताणून ठेवतात. नमुने तिथं मोडणार, माल अडणार, वरचे लोक विचारणार की प्रमुखांचं लक्ष कुठं होतं. विमानाला धोका नाही, कुणाला इजा नाही, फक्त एका माणसाची जराशी फजिती. त्यांनी तो प्रसंग मनात इतक्या वेळा घडवून पाहिला, की त्यात कोण काय बोलेल तेही ठरून गेलं. शेवटी सगळे त्यांच्याकडे वळत आणि म्हणत, "काटेसाहेब, आता तुम्हीच सांभाळा."

रोज काही ना काही निमित्त काढून ते चाचणीच्या खोलीत डोकावू लागले. नमुने शांतपणे ताणलेले असत. आज नाही तर उद्या, असं म्हणून ते वर येत.

शेवटी चाचणीची मुदत संपली. एकही नमुना मोडला नाही. माल पास झाला.

ती बातमी ऐकून काटेसाहेबांना वाईट वाटलं.

वाचकहो, या वाक्यावर जरा थांबा. ज्या माणसानं आयुष्यभर विमानाचा एकेक भाग मोडू नये म्हणून डोळे शिणवले, त्याला भाग मोडला नाही म्हणून वाईट वाटलं. हेवा माणसाला कुठं नेऊन ठेवतो ते पाहा. तो काही रस्त्यावर आडवा येत नाही. बोटाला धरून, गोड बोलत, एकेक पायरी खाली उतरवतो.

त्यांना स्वतःलाच ते खटकलं. खाली जाऊन त्यांनी चाचणीच्या माणसाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की नमुने कुठल्या ट्रेमधले होते. तो म्हणाला, पहिल्या. दुसरा ट्रे तेव्हा भट्टीत होता ना, आणि कार्ड तर एकच, मग म्हटलं सगळे एकातूनच घेऊ.

काटेसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे ज्या चाचणीच्या भरवशावर ते गप्प बसले होते, ती या ट्रेची कधी झालीच नव्हती. माल खोक्यांत भरला जात होता. उद्या सकाळी गाडी येणार होती.

संध्याकाळी ते घरी आले, जेवायला बसले, पण घास काही उतरेना. बायकोनं विचारलं, तर अंग कसकसतंय म्हणाले. सासरे त्यांच्याकडं बघत होते. जेवण झाल्यावर ते काठी टेकत जावयाच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि दुखरा पाय स्टुलावर ठेवला. मग बराच वेळ गुडघ्याविषयी बोलत राहिले. काटेसाहेबांनाच ते असह्य झालं. त्यांनी सुरुवात केली, की आमच्या ऑफिसात एक माणूस आहे, त्यानं एक गोष्ट पाहिली आणि बोलला नाही.

सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, हा जो एक माणूस आहे, तो आज आपल्याच घरी न जेवता उठला का?"

काटेसाहेबांनी मान खाली घातली. मग मात्र सगळं बाहेर आलं. खुर्ची, खिडकी, मीटिंगमधलं ते वाक्य, घड्याळ, ट्रे, सगळं. शेवटी ते स्वतःची बाजूही मांडू लागले. वेळ टळली म्हणजे प्रत्येक पिन मोडेलच असं नाही. बहुतेक तर नाहीच मोडणार. शिवाय तिची जबाबदारी होती. आणि मोठ्या कारखान्यात प्रत्येकाच्या मागं दुसरा तपासणारा असतोच.

"असतो," सासरे म्हणाले, "आणि तुमच्या मागं असलेलाही हेच म्हणत असतो, की पुढं काटेसाहेब आहेत." ते पुढं म्हणाले, "हेवा वाटला यात मला काही विशेष दिसत नाही. तो तापासारखा आहे. चांगल्या चांगल्यांना येतो. मलाही यायचा, मोठा सामना दुसऱ्याला दिला की. पण अंगात ताप असताना माणसानं गाडी चालवू नये. तुम्ही तापात गाडी चालवलीत."

काटेसाहेब म्हणाले, की त्यांना फक्त तिची फजिती व्हायला हवी होती, बाकी कुणाचं वाईट त्यांच्या मनात नव्हतं.

"मनात नव्हतं हे कबूल. पण तुम्ही जिच्या पडण्याची वाट बघत होता ती पडणारच नाहीये. ती तिच्या केबिनमध्ये सुखरूप आहे. पडतील ती माणसं, ज्यांना तिचं नाव माहीत नाही आणि तुमचंही नाही. मी सामन्यात पाहिलंय. आपल्या गोलकीपरवर खुन्नस म्हणून बचाव करणारा खेळाडू पाय मागं घेतो. चेंडू जाळ्यात जातो. मग फळ्यावर गोलकीपरचं नाव लागत नाही, जावईबापू, हरलेल्या संघाचं लागतं. आणि त्या संघात तोही असतो. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, म्हणतात ते हेच."

"आता बोललो तर पहिला प्रश्न हाच येईल, की इतके दिवस का गप्प होतात," काटेसाहेब म्हणाले. "नोकरी जाईल, बाबा."

"जाईल कदाचित. जाणार नाही असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

दारात बायको उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ती आत आली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणालात वशिल्यानं मिळालं, म्हणून मी शेजारी दोघींना तसंच सांगितलं. ते तरी खरं होतं का?"

काटेसाहेब नाही म्हणाले. नवऱ्याकडं तिनं अशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं, आणि नोकरीच्या भीतीपेक्षा त्या नजरेनंच त्यांना जास्त हलवलं.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचले. आधी मॅडमकडं गेलो तर वाटेत आपलं मन फिरेल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते सरळ माल पाठवण्याच्या दालनात गेले आणि पिनांच्या प्रत्येक खोक्याला तांबडं लेबल लावलं. तांबडं लेबल लागलेला माल कारखान्याच्या मालकालाही हलवता येत नाही. गाडीवाला कुरकुरला, दालनातले लोक गोळा झाले. काटेसाहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते जिना चढून केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"मॅडम, खाली मी माल थांबवलाय. दुसरा ट्रे भट्टीत फार उशिरा गेला होता. आणि चाचणीचे नमुने पहिल्या ट्रेमधले आहेत."

मॅडमचा चेहरा उतरला. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. काटेसाहेबांनी दिवस सांगितला, भट्टी सांगितली, वेळ सांगितली. मॅडम त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हा गडबडीत तुमच्या लक्षात आलं नसेल."

केवढं मोठं दार उघडलं होतं! नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर, आणि नोकरी वाचली असती, अब्रू वाचली असती, उलट ऐन वेळी माल थांबवला म्हणून शाबासकीही मिळाली असती. काटेसाहेबांच्या ओठांवर ते अक्षर आलं होतं. पण खोटी सही त्यांनी आजवर कशावरच केली नव्हती, आणि हे "हो" म्हणजे तीच झाली असती.

"लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "त्याच क्षणी आलं होतं. मी मुद्दाम बोललो नाही. तुम्हाला ही खुर्ची मिळाली ते मला बघवत नव्हतं. तुमच्या हातून चूक व्हावी, असं मला वाटत होतं."

मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "तुम्ही माझ्यावर नाराज आहात हे मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी तुम्ही पिना पणाला लावाल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते."

याहून मोठी शिक्षा काटेसाहेबांना पुढं कुणी दिली नाही.

मग मॅडमनी फोन उचलला, दुसऱ्या ट्रेमधले नमुने ताबडतोब चाचणीला लावायला सांगितले आणि फोन ठेवून म्हणाल्या, की नमुने दोन्ही ट्रेमधले आहेत का हे विचारणं आपलं काम होतं. आपण ते विचारलं नाही, तेव्हा आपलीही चूक आहे आणि ती आपण वर कळवणार. "तुमची तुम्ही कळवा. मी त्यातला एकही शब्द मऊ करणार नाही."

काटेसाहेब म्हणाले, की मऊ करूही नका.

दुसऱ्या ट्रेचे नमुने ओझ्याखाली लागले. काटेसाहेब चाचणीच्या खोलीत उभे होते तेव्हाच पहिला मोडला. फार मोठा आवाज झाला नाही. सुकी फांदी मोडावी तसा. पाठोपाठ दुसरा. चाचणीचा माणूस तुकडे उचलून दाखवू लागला, तर काटेसाहेबांना ते हातात घेववेनात. "बहुतेक नाहीच मोडणार," असं ते ज्या पिनांबद्दल म्हणाले होते, त्याच त्या. त्या जिथं बसणार होत्या ती जागा, तिथलं ते विमान, त्यात पट्टे बांधून बसलेली, एकमेकांना खिडकीतलं काही दाखवणारी माणसं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

सगळा ट्रे मोडीत निघाला. चौकशी बसली. कारखान्याच्या व्यवस्थापकांना काटेसाहेबांना काढून टाकायचं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. त्या बैठकीत मॅडम बोलल्या.

"शिक्षा व्हायलाच हवी," त्या म्हणाल्या. "पण ज्यानं स्वतः होऊन खरं सांगितलं त्यालाच कामावरून काढलं, तर उद्या अशी गोष्ट पाहणारा माणूस आपल्याकडं येईल का? तो घरी जाईल आणि झोपून जाईल. आपल्याला शिक्षा द्यायची आहे, गप्प बसायचं शिक्षण द्यायचं नाहीये."

नोकरी वाचली. पण काटेसाहेबांचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. ज्या सहीवर सगळा कारखाना डोळे मिटून विश्वास ठेवत असे, ती आता कशावरच चालत नव्हती. स्वतःच मोजलेल्या भागावर सही घ्यायला त्यांना कालपरवा लागलेल्या इंजिनिअरांकडं जावं लागे. पहिल्यांदा गेले तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. मग सवय झाली. नव्या पद्धतीचं काम मात्र मॅडमनी त्यांच्यावरच सोपवलं. प्रत्येक ट्रेला वेगळं कार्ड, प्रत्येक ट्रेचे वेगळे नमुने, आणि भट्टी बंद असेल तर प्लेटिंगही बंद.

इकडं बायकोनंही आपलं काम केलं. ती शेजारच्या दोघींकडं गेली आणि आपण सांगितलेलं खोटं होतं, त्या बाईंना पद स्वतःच्या हुशारीनं मिळालंय, असं सांगून आली. एक शेजारीण गालावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, मी तर ते चौघींना सांगून बसले!" मग त्या दोघी मिळून त्या चौघींकडं गेल्या. पुढचे पत्ते काही त्यांना सापडले नाहीत. खोटं उडत जातं आणि खरं त्याच्यामागं पायी फिरतं, ते असं.

पुढं बऱ्याच दिवसांनी, नवी पद्धत नीट बसल्यावर, काटेसाहेबांना सहीचा अधिकार परत मिळाला. त्यानंतरची ही गोष्ट. मॅडमना मोठ्या सभागृहात, दुसऱ्या कारखान्यांतून आलेल्या इंजिनिअरांपुढं, या नव्या पद्धतीबद्दल बोलायचं होतं. काटेसाहेब श्रोत्यांत बसले होते. भाषणाआधी कुणीतरी पडद्यावर त्याची पानं पुढंमागं करून पाहत होतं, तेवढ्यात काटेसाहेबांची नजर एका तक्त्यावर गेली. वेळेच्या मर्यादा दोन ओळींत उलट्यापालट्या पडल्या होत्या. हे असंच राहिलं तर पहिलाच प्रश्न त्यावर येणार होता, आणि भरल्या सभेत मॅडमना उत्तर सुचलं नसतं.

क्षणभर आतून कोणीतरी म्हणालं, राहू दे. आवाज ओळखीचा होता. काटेसाहेबांनी तो ऐकला, त्याला ओळखलं, आणि शेजाऱ्यांचे गुडघे ओलांडत, माफी मागत, ते ओळीबाहेर पडले. मंचाच्या पायरीपाशी जाऊन त्यांनी मॅडमना ती चूक दाखवली. मॅडमनी तिथल्या तिथं ओळी बदलल्या आणि भाषण सुरू केलं. भाषण उत्तम झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काटेसाहेबांनीही वाजवल्या. मनात बारीकशी कळ आली का? आली. ते काही संत झाले नव्हते. पण त्या कळेला त्यांनी हात-पाय दिले नाहीत.

वाचकहो, आपण सगळे एकमेकांच्या भरवशावर जगतो. आपण ज्या जिन्यानं चढतो, जे औषध घेतो, ज्या गाडीत आपली मुलं शाळेला जातात, त्या प्रत्येकामागं कुणीतरी कुणाची तरी चूक वेळेवर सांगितलेली असते. एका कामावरच्या दोन माणसांत हेवा येणारच, तो टाळता येत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून गप्प बसायचं की नाही, हे आपल्या हातात असतं. म्हणून ज्याचं यश तुमच्या डोळ्यांत सलतं, त्याची चूक दिसली तर ती सगळ्यांत आधी त्यालाच सांगा, आणि आजच सांगा. तुमचं मन साफ होईल तेव्हा होईल. कुणाचा तरी जीव मात्र आजच वाचेल.